भवानीचं दार

कळंबोली,
१० जून १९९६

चि. कमळी हिस,

अनेक आशीर्वाद. अडीच वर्षांनी पत्र येतंय म्हटल्यावर तू आधी पाठीमागचं नाव वाचशील आणि मग उघडायचं की नाही ते ठरवशील. उघडलंस, हे तुझे उपकार. मुरूडचा तुझा पत्ता आपल्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिकांकडून मिळवला. तू तिकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलीस, तिसरीचा वर्ग घेतेस, हेही त्यांनीच सांगितलं. मला फार आनंद झाला. दर रविवारी माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून निबंध लिहिणारी मुलगी आता दुसऱ्यांचे निबंध तपासते!

कामाचं आधी सांगते, नाहीतर म्हातारी फेऱ्या मारत बसेल असं म्हणशील. एका प्रकाशकाला माझ्या लेखांचं पुस्तक काढायचंय. पहिला लेख त्यांना 'काशीची खाडी' हाच हवाय. शिवाय सप्टेंबरात पनवेलला 'साहित्य आणि पर्यावरण' असा परिसंवाद आहे. तिथेही मी तोच वाचावा असा संयोजकांचा आग्रह आहे. लेखात तुझ्या आईचं नाव आहे, गावाचं नाव आहे. म्हणून म्हटलं, विचारावं.

काशीबाई कशा आहेत? मासळी विकणं सोडलं असं उडत उडत कानावर आलं. मला आजही सकाळी साडेसातला दाराकडे कान लागतो. चिंचखारहून कामोठ्याच्या बांधावरून चालत यायच्या, आमच्या सोसायटीत पहिलं दार माझं वाजवायच्या. तळमजल्याची तीन दारं ओलांडून दुसऱ्या मजल्यावर! दिवसाची पहिली विक्री माझ्याच हातून व्हायला हवी, हा त्यांचा हट्ट. "बाय, तुमचे हातची भवानी झाली का पाटी कशी भरभर रिकामी व्हते." मी म्हणायची, अहो, माझा हात एवढा गुणाचा असता तर आमच्या ह्यांना प्रमोशन नसतं का मिळालं? त्या हसायच्या, आणि पहिली नोट कपाळाला लावून कनवटीला खोचायच्या.

मग एक दिवस त्या यायच्या बंद झाल्या. का, ते मला कधी नीटसं कळलं नाही.

उत्तर दे. कार्ड चालेल.

तुझी,
बाई


कळंबोली,
२ जुलै १९९६

चि. कमळी हिस,

कार्डच चालेल म्हटलं, तर तू खरंच कार्ड पाठवलंस. "बाई, आई मासळी विकत नाही. तळोज्याला ड्रम धुते. ती तुमच्याकडे यायची का बंद झाली ते तुम्हाला माहीत आहे. पुस्तक काढा, आमचं काही म्हणणं नाही." एवढंच. शुद्धलेखनाची एक चूक नाही. तुला शिकवलं त्याचं मला असं बक्षीस मिळायचं होतं.

हो, माहीत आहे. लेखामुळे. मी काय आंधळी आहे? दिवाळी अंक सोसायटीच्या वाचनालयात आला आणि सोळाच्या सोळा बिऱ्हाडांत फिरला. एरवी त्यातल्या रेसिपी आणि राशिभविष्य सोडून कुणी काही वाचत नाही, पण आपल्या बिल्डिंगमधल्या बाईंनी लिहिलंय म्हटल्यावर सगळ्यांनी वाचला. खाडीतल्या माशांना रॉकेलचा वास येतो, हे वाचून लोकांनी खाडीबद्दल काही केलं नाही. मासे घेणं तेवढं बंद केलं. समोरच्या वैजयंतीने तर दारावर पाटीच लावली, 'मासेवाल्यांनी बेल वाजवू नये'.

पण मला सांग, मी खोटं काय लिहिलं? पावसाची पहिली मोठी सर आली की तिच्या आडून कारखान्यांतलं पाणी नाल्यात सोडतात, दुसऱ्या दिवशी खाडीच्या काठाला मासे पोट वर करून लागतात, हे तू मला दाखवायला नेलं होतंस. निवट्या चिखलावर तडफडत होत्या आणि तू ओढणीने नाक झाकलं होतंस. तुझ्या आईने सांगितलं होतं की पूर्वी उधाणाचं पाणी गावदेवाच्या दगडाला कधी लागत नसे, आता दर पुनवेला लागतं. दार लावलं की त्यांचं बोलणं मी वहीत उतरवून काढायची. असलं कुणी लिहीत नाही गं आपल्याकडे. आपल्या लेखणीला समुद्र दिसला की चांदणं सुचतं. मला वाटलं, एकदा तरी कुणीतरी खाडीचं खरं लिहावं.

नावं बदलायला हवी होती. ही माझी चूक, कबूल. पण तेव्हा वाटलं, बदललं तर त्या बाईचं श्रेय काढून घेतल्यासारखं होईल. मी मान म्हणून नाव घातलं. गावाचंही. पनवेलच्या बाजारात 'चिंचखारची' म्हटल्यावर लोक हात मागे घेतील हे मला कसं सुचणार? मी शिक्षिका आहे, मासळीची दलाल नव्हे.

बघ, भांडायलाच लागले. पत्र फाडून दुसरं लिहिणार होते. राहू दे, हेच पाठवते.

ड्रम कसले? हातमोजे देतात का?

तुझी,
बाई


कळंबोली,
३० ऑगस्ट १९९६

चि. कमळी हिस,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण मी परवा चिंचखारला जाऊन आले, आणि हे माझ्याकडून तुला आधी कळावं.

नारळीपुनवेचा दिवस. म्हटलं, घरी असतील. नारळ घेतला, साडी नेसले, रिक्षावाल्याने बांधापाशी सोडलं. पुढे चालत. अगं, गावाची खाडीकडची बाजू मी ओळखलीच नाही. भरतीचं पाणी मुरवणारं खाजण जिथे होतं, तिवरं होती, तिथे भराव टाकून सपाट केलंय. पाणी गावात शिरून बसलंय. तुमच्या ओट्याच्या दोन पायऱ्या ओल्या होत्या, आणि मुलं त्यात कागदाच्या होड्या सोडत होती.

काशीबाई घरी नव्हत्या. सणालाही पाळी लागली म्हणे. तुझे बाबा होते. जयदेवभाऊंनी मला ओळखलं, पण एक क्षण थांबून. मग चटई टाकली. होडी अंगणात पालथी घातलेली, तिच्यावर कोंबड्या. मी म्हटलं, आज पूजा नाही केली होडीची? ते म्हणाले, "केली ना. नारल वाहिला. पूजा करायला खाडीत जायालाच लागतं असं नाय."

देवाच्या दगडाचं विचारलं. ते हसले. "आता दगडाचं नाक तेवढं वर र्‍हातं. दरिया काय कोनाचं ऐकतो? खाजन भरून टाकली, मंग त्यानं जायाचं कुटं? आमच्याच घरात ना!"

मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. चढ्या आवाजात सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. अंक आला, बाजार बसला, तेव्हा गावकीची बैठक झाली. त्या बाईला आतलं कोणी सांगितलं? नाव तर छापलेलंच होतं. "कोनी हिला मारली नाय, शिवी दिली नाय. पन मासली देयाची बंद केली. धा होड्यांची मासली ही विकायची, बाय. माज्या एकल्याची किती असनार?" मग शिवा म्हणून कुणी मुकादम गावातल्या बायकांना तळोज्याला न्यायला लागला, रसायनांचे रिकामे ड्रम धुवायला. पहिल्याच टेम्पोत काशीबाई चढल्या.

मी नारळ हातातच घेऊन बसले होते. शेवटी ओट्यावर ठेवला. निघताना ते म्हणाले, "ती तुमाला दोष देत नाय हां. ती म्हनते, लोकांनी वाचला, त्याला बाय काय करनार? पन तो दाराचा..." एवढं म्हणून थांबले आणि मला रिक्षा कुठे मिळेल ते सांगायला लागले.

पूर्ण रस्ताभर ते अर्धं वाक्य माझ्याबरोबर चालत होतं.

तुझी,
बाई


कळंबोली,
२३ सप्टेंबर १९९६

कमळी,

आज बाकीचं काही नाही. दाराचं लिहिते. तुला ते माहीत आहे, काशीबाईंना माहीत आहे, जयदेवभाऊंना माहीत आहे. जिने केलं तिनेच तेवढं सांगायचं राहिलं होतं.

काल पनवेलला परिसंवाद झाला. एक प्राध्यापक पृथ्वी कशी तापतेय, समुद्र कसा चढतोय, आणि मराठी लेखक कसे झोपलेत त्यावर चांगलं बोलले. मला तुझ्या बाबांचा दगड आठवत होता. मग माझी पाळी. मी 'काशीची खाडी' वाचला. शेवट तुला आठवत असेल. "काशी मासा उचलून माझ्या नाकापाशी धरते. रॉकेलचा वास येतो. खाडीचा येत नाही." तिथे टाळ्या पडल्या. नेमक्या तिथेच. प्राध्यापक म्हणाले, मीनाताई, असा शेवट आपल्याकडे विरळा. मला तिथल्या तिथे धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

का, ते ऐक. लेख तिथे संपत नव्हता. हस्तलिखितात आणखी दोन वाक्यं होती. "पाटी भरताना काशी प्रत्येक मासा हुंगून घेते. वास आलेला घरी ठेवते, चांगला तेवढाच गिऱ्हाइकाला देते." हे मी पाहिलेलं होतं. तुमच्या ओट्यावर बसून, या डोळ्यांनी. एक पाटी, एक टोप. मासा नाकाशी न्यायचा, आणि "ह्यो गिऱ्हाइकाचा, ह्यो घरचा." मी विचारलं होतं, घरच्यांनी वासाचा खायचा? त्या म्हणाल्या, "आमच्या पोटाला सवय हाय गो. गिऱ्हाइकाला कशी देऊ? त्यानं इस्वास ठेवलाय." मी घेतलेल्या एकाही माशाला कधी वास आला नाही. वासाचा मासा मी पाहिला तो तुमच्या टोपात.

ती दोन वाक्यं मी खोडली. संपादकांनी नाही, मी. त्यांच्यामुळे शेवट सैल पडत होता. वासावर संपवलं की वाचकाच्या अंगावर येतं, ही अक्कल मला होती. त्या दोन वाक्यांवर तुझ्या आईचा सगळा धंदा उभा आहे, ही नव्हती. म्हणजे जुलैच्या पत्रात मी खोटं काय लिहिलं असं तुला विचारत होते ना? खोटं काही लिहिलं नाही. खरं तेवढं काढून टाकलं.

आता दार.

भाऊबीज आटोपून पाहुणे गेले आणि बुधवारी, १७ नोव्हेंबर १९९३ला सकाळी, बेल वाजली. दिवाळीनंतरचा पहिला मासळीचा दिवस. आमची गीतांजली बाळंतपणाला आलेली, आठवा भरलेला. जावई, आशुतोष, रात्रभर अंक वाचून बसलेला. म्हणाला, "आई, तुम्हीच लिहिलंय हे, आता तो मासा या घरात आणू नका, प्लीज." मी त्याला सांगू शकले असते. दोनच वाक्यं होती, मला पाठ होती. पण सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग लिहिलंत का नाही? मी म्हटलं, नाही आणणार.

दार उघडलं. काशीबाई नवी साडी नेसून. पाटीत सगळ्यात वर जिताडा, केवढा मोठा, केळीच्या पानावर ठेवलेला. तू त्यांना आदल्या दिवशी लेख वाचून दाखवला होतास ना? त्याचा आनंद तोंडावर मावत नव्हता. "बाय, माजं नाव छापलाव! मंग म्हनलं आज भवानीला जिताडाच. पैसं नाय घेनार, सुपारी ठेवा हातावर, तेवडीच भवानी."

आणि मी म्हटलं, "आज नको, काशीबाई."

त्यांना वाटलं उपास आहे. मग म्हणाल्या, "जिताडा नको तं दोन बोयी घ्या. भवानी करा, बाय. पहिल्या दारातून तशीच कशी जाऊ?" समोर वैजयंती दार किलकिलं करून बघत होती. वरच्या जिन्यात दोघी पिशव्या घेऊन थांबल्या होत्या. बाईंनी घेतलं तर आपण घ्यायचं, अशा. मागे आशुतोष उभा. मी म्हटलं, "नको. त्याला वास येतो."

हे मी म्हटलं, कमळी. जिताडा न हुंगता.

त्यांनी पाटी खाली ठेवली नव्हती, तशीच कमरेवर टेकवून उभ्या होत्या. माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. एखादं पोर ओळखीच्या घरात वेगळंच माणूस दिसल्यावर बघतं तशा. म्हणाल्या, "मी तुमाला वासाची कवा दिली, बाय?" त्या जिना उतरल्या. सोळातलं एकही दार त्या दिवशी उघडलं नाही. वरच्या दोघी रिकाम्या पिशव्या घेऊन परत गेल्या, मी पाहिलं.

भवानी फिरली की दिवस फिरतो, हे त्याच मला सांगायच्या. मी हसायची.

महिन्याने पार्थ झाला. गुटगुटीत, निरोगी. लोक म्हणाले, बरं झालं जपलंत. आता तो पावणेतीन वर्षांचा आहे, चित्रातला मासा दाखवला की टाळ्या पिटतो, आणि मला दर वेळी तो केळीच्या पानावरचा जिताडा आठवतो. मी कुणालाच सांगितलेलं नाही. तू हे पत्र आईला वाचून दाखव. काही गाळू नकोस. गाळणं काय करतं ते आपण पाहिलंय.

मीना


कळंबोली,
२५ नोव्हेंबर १९९६

प्रिय कमळी,

तुझं अंतर्देशीय पत्र मिळालं त्याला महिना झाला. दसऱ्याला घरी गेलीस, पत्र पूर्ण वाचून दाखवलंस, हे कळलं. त्याहून पुढचं वाचून रडले, ते सांगायला आता लाज कसली. अंक तुझ्या हाती आला त्या दिवशीच लेख ऐकून झाल्यावर काशीबाईंनी तुला विचारलं होतं, "हुंगायचं नाय लिवलान?" आणि तू म्हणालीस, जागा कमी पडली असेल. तू माझी बाजू सावरलीस, आणि त्यांनी तुझं खरं मानलं. आणि दुसऱ्या दिवशी जिताडा घेऊन आल्या.

"मना तं ठावच हवतं. कवा सांगायचं ती त्यांची मर्जी. येऊ द्या त्यांना रविवारी." हा त्यांचा निरोप तू जसाच्या तसा लिहिलास. मी त्यावर चार रविवार घालवले, भित्री आहे. पाचव्या रविवारी, म्हणजे काल, गेले.

आधी पुस्तकाचं. ती दोन वाक्यं परत घातली आहेत, आणि त्याखाली दाराचं सगळं. प्रकाशक म्हणाले, बाई, लेख पडतो. मी म्हटलं, पडू दे.

ओट्यावर पोचले तेव्हा जयदेवभाऊ नुकतेच खाडीवरून आले होते. होडी पुन्हा पाण्यात घातलीय. रोज नाही, रविवारची, घरापुरती. काशीबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आलाव? बसा." जशी काही मी कालच भेटले होते. हात बघितले त्यांचे. कोपरापासून खाली कातडी सगळी पांढुरकी, सोललेली. पदराखाली घेतले त्यांनी.

मी सगळं पाठ करून गेले होते. माफीचं. त्यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. भलतंच बोलले. म्हटलं, काशीबाई, पुन्हा या. दुसरं कुणी घेवो न घेवो, मी दारात उभी राहून सोळा बिऱ्हाडांना सांगेन की ही बाई मासा हुंगून देते. वैजयंतीच्या दारात जाऊन सांगेन. तुम्ही फक्त पाटी घेऊन या. पहिलं दार माझं.

त्या आत जाऊन पाटी घेऊन आल्या. तीच जुनी. झटकली, समोर ठेवली. बाजूला टोप ठेवला. जयदेवभाऊंनी आणलेल्या बोयी परातीत होत्या, सात. त्यातली एक उचलली आणि नाकाशी नेली नाही. माझ्या हातात दिली.

"तुमी हुंगा. मना आता कलत नाय."

मला समजलं नाही. त्यांनी साधेपणाने सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. "ड्रमातली वाफ. पहिल्या वर्साला डोलं चुरचुरायचं. दुसऱ्या वर्साला वास गेला. कामाला बरंच झालं म्हना, तरास नाय. कमलीला नाय सांगितलं, उगाच घोर लावून घेते." म्हणून तुला आता मी सांगतेय. त्यांनी बजावलं होतं, सांगू नका. पण मी गाळणार नाही असं ठरवलंय.

मी बोय नाकाशी नेली. रॉकेलचा वास होता, कमळी. लांबूनच येत होता.

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? त्या खूश झाल्या असत्या, सोमवारी पाटी डोक्यावर घेऊन निघाल्या असत्या. त्यांच्या हातून त्यांच्या गिऱ्हाइकाला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वासाचा मासा दिला असता. मी म्हटलं, "येतो, काशीबाई."

"मंग घरचा," त्या म्हणाल्या आणि टोपात टाकली. दुसरी दिली. तीही घरची. तिसरी. चौथीला मी दोनदा हुंगलं, देवाला हात जोडून हुंगलं म्हण. घरची. सातही टोपात गेल्या. पाटी आमच्या दोघींच्या मध्ये रिकामी.

मी म्हटलं, त्यातलीच एक मला द्या. वासाची दिलीत तरी चालेल, भवानी म्हणून द्या. आणि पर्स उघडली. त्यांनी माझा हात धरला, त्या खरखरीत हाताने, आणि पर्स बंद केली.

"वासाची गिऱ्हाइकाला नाय देनार, बाय. आजवर दिली नाय." मग टोपाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "घरच्याला चालते. जेवायला बसताव का?"

मी बसले.

त्यांनी बोयी साफ केल्या, वाटण वाटलं, चुलीवर कालवण ठेवलं. मी बाजूला लसूण सोलत होते. त्यांनी पार्थचं तेवढं विचारलं. "पोराला दाखवायला आना कवा तरी. पन खाडीची नका देऊ त्याला." मसाला तव्यावर भाजायला टाकून त्या पाण्याला गेल्या. धूर झाला. मी उठून तवा उतरवणार, तेवढ्यात जयदेवभाऊंनी मान हलवली, नको अशी. मी बसले.

तिघांची ताटं वाढली. पहिल्या घासाला रॉकेल लागलं आणि त्याच्या मागून करपलेला मसाला. काशीबाई माझ्याकडे बघत होत्या, पूर्वी पहिली नोट घेताना बघायच्या तशा.

"बराबर झाला ना गो मसाला? मना आता वासावरून अंदाज येत नाय."

जयदेवभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ताटात पाहिलं. भाकरी मोडून कालवणात बुडवली. दीड-दोन वर्षं ते असेच जेवत असणार.

"छान झालाय, काशीबाई," मी म्हटलं, आणि आणखी थोडं वाढून घेतलं.

तुझी,
मीना